ड्राय फ्लायसाठी लाइन, लीडर आणि टिपेट: बारीक करण्याआधी लांब करा

तुमची अडचण मला समजली ती अशी. नऊ फुटी ५ वेटचा रॉड (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक), संचासोबत आलेली वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढचा भाग जड असलेली तरंगती लाइन, पुढे ९ फुटी ५एक्स लीडर, म्हणजे लाइनपुढचा निमुळता दोरा, आणि टोकाला १४ किंवा १६ नंबरची ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा नकली किडा लावलेला गळ (नंबर मोठा तशी फ्लाय लहान). ट्राउट वर येतात, फ्लायखाली क्षणभर थांबतात आणि वळून जातात. दोरा दिसत असणार असं समजून तुम्ही ६एक्सवर गेलात, मग ७एक्सवर (एक्सचा आकडा वाढतो तसा दोरा बारीक). नकार थांबले नाहीत, उलट लागलेले दोन चांगले मासे टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाचा बारीक दोरा, तोडून गेले. आता तुम्ही विचारताय की नायलॉनऐवजी फ्लुरोकार्बनचा दोरा घेऊ, १२ फुटी लीडर घेऊ की लाइनच बदलू. आणि एकाच गोष्टीवर खर्च करायचा तर कशावर.

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. लाइन तूर्त राहू द्या. फ्लुरोकार्बन घेऊ नका. ४एक्सचा ९ फुटी निमुळता लीडर घ्या आणि त्याच्या टोकाला ५एक्स नायलॉनचं तीन ते साडेतीन फूट टिपेट बांधा. म्हणजे टिपेट तुमच्या आत्ताच्या ७एक्सपेक्षा जाड होईल, पण चांगलं लांब होईल. उलटं वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मासा वर येऊन परत गेला की आपण दोऱ्याला दोष देतो, कारण दोरा आपल्याला खटकत असतो. माशाचं लक्ष वेगळीकडे असतं. तो दिवसभर पाण्यावरून वाहत येणारे किडे बघत असतो, आणि मेफ्लाय असो, मिज असो की काठावरून पडलेली मुंगी, हे सगळं त्या धारेच्या वेगाने येतं. एखादी वस्तू त्याच धारेत असून शेजारच्या फेसापेक्षा किंचित हळू आली, किंचित तिरकी सरकली, की मासा तिला खाणं मानत नाही. यालाच ड्रॅग म्हणतात. फ्लायमागे पाण्यावर रेघ उमटते तो ड्रॅग सगळ्यांना दिसतो आणि तो दिसला की आपण कास्ट, म्हणजे फेकलेली लाइन, उचलतो. अडचण छोट्या ड्रॅगची आहे. आठ-दहा मीटरवरून तुम्हाला फ्लाय अगदी छान वाहताना दिसते आणि दोन इंचांवरून बघणाऱ्या माशाला ती घसरताना दिसते.

हे तपासायचं कसं? फ्लायकडे एकटक बघू नका. तिच्या शेजारचा फेसाचा एखादा बुडबुडा किंवा पानाचा तुकडा धरा आणि दोघांमधलं अंतर बघत राहा. अंतर बदललं की ड्रॅग सुरू झाला. सुरुवातीला माणसं हे करायला तयार नसतात, कारण त्यांना मासा बघायचा असतो. पण ज्याला मी हे करायला लावतो त्याचा टिपेटविषयीचा निम्मा गोंधळ तिथेच संपतो. तुमच्या वर्णनात मासा खाली थांबून मग वळतो. म्हणजे फ्लायचा आकार आणि रंग त्याला बरा वाटला होता. बिघडलं ते शेवटच्या क्षणी. तिथे ड्रॅगचाच संशय आधी घ्यावा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. पाणी खळाळतं असेल, पृष्ठभाग फुटलेला असेल, तर माशाला पारखायला वेळच मिळत नाही. तिथे साडेसात फुटी लीडर आणि ४एक्स टिपेट चालतं, कधी ३एक्ससुद्धा. पाणी संथ, आरशासारखं असेल तर तोच मासा प्रत्येक घास निरखून घेतो. वारा समोरून असेल तर लांब टिपेटचा गुंता होईल. फ्लाय मोठी आणि दाट असेल तर बारीक टिपेट तिला नेऊच शकणार नाही. आणि तुमची कास्ट: शेवटची चार फूट लांबी सरळ करणं ज्याला अजून जमत नाही त्याला १४ फुटी लीडर देणं म्हणजे गाठींची शिक्षा आहे. तुमचे मासे वर येऊन, थांबून, बघून जातात, त्यावरून मी पाणी बरंच संथ आहे असं धरून चाललो आहे. तसं नसेल तर पुढचे आकडे थोडे आखूड करून वाचा.

लांबी आणि जाडी यांचा हिशोब इथे कामाला येतो. दोऱ्याची ताकद त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, पण वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. ५एक्सचा व्यास ०.००६ इंच आणि ६एक्सचा ०.००५ इंच. एक पायरी उतरलात की ताकद साधारण ३० टक्के कमी होते आणि ताठरपणा जवळजवळ निम्मा. थेट ७एक्सवर, म्हणजे ०.००४ इंचावर गेलात तर ताठरपणा एक पंचमांश उरतो, पण ताकदही निम्म्याच्या खाली येते. बारीक टिपेटने कधी कधी खरंच जास्त मासे लागतात ते या लवचीकपणामुळे; ते पाण्याबरोबर वळतं, फ्लायला ढकलत नाही. माशाला दोरा दिसला नाही म्हणून लागले, हा निष्कर्ष आपण मागून काढतो.

लांबी वाढवली की ताकद अजिबात न गमावता दुसरा फायदा मिळतो: सैलपणा. समजा फ्लाय ज्या धारेत आहे ती धार आणि तुमची लाइन जिथे पडली आहे ती धार यांच्या वेगात सेकंदाला २० सेंटिमीटरचा फरक आहे. टिपेट सरळ ताणून पडलं तर पहिल्याच क्षणापासून फ्लाय ओढली जाईल. तेच टिपेट सैल वळसे घेऊन पडलं आणि त्या वळशांत ६० सेंटिमीटर दोरा साठलेला असेल, तर तो सरळ होईपर्यंत तुम्हाला साधारण तीन सेकंद मिळाले. तीन सेकंद म्हणजे वर येणाऱ्या माशासाठी पुष्कळ. दोन फुटी टिपेटमध्ये एवढे वळसे मावतच नाहीत. साडेतीन-चार फुटांत मावतात. ७एक्स बांधूनही तुमचे नकार थांबले नाहीत, त्याचं कारण बहुधा हेच: दोरा बारीक झाला, पण पडत होता ताणूनच.

एक्सचे आकडे बऱ्याच जणांना उलटे वाटतात, म्हणून दोन वाक्यं त्यावर. पूर्वी टिपेट रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथीपासून, म्हणजे गटपासून बनायचं, आणि ते बारीक करण्यासाठी धातूच्या छिद्रांतून ओढायचे. जितक्या वेळा ओढलं तितके एक्स. म्हणून आकडा वाढतो तसा दोरा बारीक होतो. आज ओढाओढ राहिलेली नाही, पण हिशोब टिकला आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागात व्यास देतं. मिलिमीटरमध्ये ३एक्स म्हणजे साधारण ०.२०, ४एक्स ०.१८, ५एक्स ०.१५, ६एक्स ०.१३ आणि ७एक्स ०.१०. स्पूलवर छापलेल्या किलोंच्या आकड्यापेक्षा हा व्यास बघायची सवय लावा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या ५एक्सची ताकद बरीच वेगळी छापलेली असते, आणि कधी कधी तथाकथित ताकदवान ५एक्स मोजून पाहिलं तर ४एक्सच्या जवळ निघतं. दोऱ्याचं काम व्यासावर ठरतं. साधं मायक्रोमीटर जवळ असेल तर नवीन स्पूल एकदा मोजून घ्या.

फ्लायच्या नंबरावरून टिपेट निवडायची जुनी रीत अशी की गळाचा नंबर तीनने भागा. १२ नंबरला ४एक्स, १६ ला ५एक्स, १८ ला ६एक्स, २२ ला ७एक्स. ही रीत सुरुवातीला पुरेशी आहे, फक्त ती फ्लायचा नंबर बघते, अंगकाठी बघत नाही. १४ नंबरची पॅराशूट ॲडम्स हवेतून सहज जाते. १४ नंबरचीच दाट एल्क हेअर कॅडिस किंवा फोमचा टोळ हवेला बराच अडतो. त्याला एक पायरी जाड टिपेट लागतं. टिपेट फ्लायच्या मानाने फार बारीक आहे हे दोन खुणांवरून कळतं. कास्टच्या शेवटी लीडर उलगडतो पण टिपेट कोसळून फ्लाय जवळच ढिगाऱ्यात पडते, किंवा चार-सहा कास्टनंतर टिपेटला पीळ बसून ते सैल सोडलं की स्वतःभोवती गुंडाळतं. तुमच्या १४ नंबरच्या फ्लायवर ७एक्स बांधल्यावर हे पीळ पडलेच असतील. पिळलेला दोरा कमकुवत होतो, आणि तुटण्यामागे माशाच्या जोराइतकाच त्याचाही हात असू शकतो. पीळ पडला की फ्लाय कापा, लाइन पाण्यात खाली सोडून एखादा मिनिट वाहू द्या, उलगडतो. डुकराच्या शेपटीसारखा कायमचा वळ बसला असेल तर मात्र तेवढा तुकडा टाकून द्या.

आता लीडर. लीडर निमुळता असतो त्याचं कारण चाबूक निमुळता असतो त्याचंच आहे. लाइनकडून आलेला जोर कमी कमी जाडीच्या भागातून पुढे जातो आणि टोकाला पोचेपर्यंत इतका उरतो की फ्लाय अलगद उलटते. ५ वेटच्या लाइनसाठी लीडरचा जाड भाग, म्हणजे बट, ०.०१९ ते ०.०२१ इंचाच्या आसपास असावा. बट फार बारीक असेल तर लाइनचं टोक आणि लीडर जिथे जोडले जातात तिथे बिजागरी तयार होते आणि पुढचं सगळं कोसळतं. लीडरच्या रचनेचं जुनं प्रमाण ६०-२०-२० असं सांगतात: साठ टक्के जाड बट, वीस टक्के पटकन उतरणारा भाग, वीस टक्के टिपेट. हे प्रमाण फ्लाय ठोस उलटवायला उत्तम आहे. वाऱ्यात, मोठ्या फ्लायला, माझीही पसंती त्यालाच.

पण संथ पाण्यातल्या ड्राय फ्लायसाठी ठोस उलटणं हेच कधी नडतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये विद्यापीठात फ्लाय फिशिंग शिकवणाऱ्या जॉर्ज हार्वे यांनी लीडरचा विचार नेमका उलट टोकाने केला. लीडर काठीसारखा सरळ न पडता सैल वळसे घेऊन पडावा यासाठी त्यांनी बट बारीक केलं, पुढचे भाग मऊ नायलॉनचे घेतले आणि टिपेट लांब ठेवलं. त्यांच्या सांगण्यातला मला सर्वात उपयोगी वाटलेला भाग मोजमापाचा नाही, जुळवणीचा आहे: फ्लाय बांधा, चार कास्ट करा, टिपेट पाण्यावर कसं पडतं ते बघा. सरळ पडत असेल तर टिपेट लांब करा. ढिगाऱ्यात पडत असेल तर थोडं कापा. मोकळे, रुंद वळसे दिसले की थांबा. फ्लाय बदलली की पुन्हा बघा, कारण प्रत्येक फ्लायचा हवेला अडथळा वेगळा. लीडर निवडून होत नाही, पाण्यावर जुळवावा लागतो. म्हणूनच १२ फुटी की ९ फुटी या प्रश्नाला दुकानात उत्तर नाही.

म्हणून मी तुम्हाला १२ फुटी लीडर विकत घेण्यापेक्षा ९ फुटी ४एक्सला टिपेट जोडायला सांगतोय. एकूण लांबी तेवढीच होते, पण पुढचा भाग तुमच्या ताब्यात राहतो. फ्लाय बदलताना दर वेळी चार-पाच इंच टिपेट जातं. ते संपलं की नुसतं टिपेट बदलायचं, लीडरला हात लावायचा नाही. साडेतीन फुटांनी सुरुवात करा. लीडरच्या टोकाला बारीक भाग आधीच असतो, त्यामुळे एवढं टिपेट उलटवायला सुरुवातीला थोडं जड जातं. हात बसला की चार फूट करा, पाणी फारच संथ असेल तर पाच.

जोडायला सर्जन्स नॉट शिका. दोन्ही दोरे समांतर धरून दोनदा किंवा तीनदा फास काढायचा. थंडीत बोटं आखडली तरी जमते आणि जाडीत थोडा जास्त फरक असला तरी धरते. ब्लड नॉट अधिक सरळ आणि देखणी, पण ती जवळच्या जाडीतच चांगली बसते, ०.००२ इंचापेक्षा जास्त फरक तिला मानवत नाही. दोन मिलिमीटरची टिपेट रिंगही चालते, सोपी आहे आणि एवढी हलकी असते की ड्राय फ्लायला सहसा त्रास देत नाही. अगदी आरशासारख्या पाण्यात मी गाठच पसंत करतो. फ्लाय बांधायला सुधारित क्लिंच नॉट. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा आणि हळू, एकसारखी आवळा. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच नायलॉन मरतं. आणि दर अर्ध्या तासाने टिपेटवरून बोटं फिरवा. हवेत पडलेली छोटी गाठ लागली तर तो तुकडा बदला. अशी एक गाठ टिपेटची निम्मी ताकद खाऊ शकते. तुमचे दोन मासे गेले ते टिपेट कुठे तुटलं होतं, हे आठवतंय का? टोकाला कुरळा वळ असेल तर फ्लायची गाठ सुटली, मध्येच तुटलं असेल तर वाऱ्याच्या गाठीचा संशय घ्या.

नायलॉन की फ्लुरोकार्बन, यावर वाद घालायला लोकांना फार आवडतं. ड्राय फ्लायपुरतं माझं मत ठाम आहे: नायलॉन. फ्लुरोकार्बनची घनता साधारण १.७८ आणि नायलॉनची १.१४. दोन्ही पाण्यापेक्षा जड आहेत, नायलॉन तरंगतं ते पृष्ठताणाच्या जोरावर. पण एकदा बुडायला लागलं की फ्लुरोकार्बन लवकर खाली जातं, लहान फ्लायचं नाक ओढतं आणि कास्ट उचलताना पाणी उपसतं. त्याच्या बाजूने सांगतात तो मुद्दा अपवर्तनांकाचा. पाण्याचा १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३, म्हणजे पाण्याखाली फ्लुरोकार्बन कमी उठून दिसतं. हे बरोबर आहे, पण ड्राय फ्लायचं टिपेट पाण्याखाली नसतं, पृष्ठभागाच्या पापुद्र्यात अडकलेलं असतं. तिथे पृष्ठभाग दोऱ्यापाशी वाकतो, प्रकाश त्या वाकलेल्या पाण्यातून फिरतो आणि उथळ तळावर दोऱ्यापेक्षा कितीतरी जाड सावली पडते. त्यात दोऱ्याचा अपवर्तनांक गौण आहे.

यावर उपाय स्वस्त आहे. संथ आणि उथळ पाण्यात फ्लायच्या मागचं पाऊणएक फूट टिपेट मुद्दाम पापुद्र्याच्या खाली जाऊ द्यायचं. मुलतानी माती, ग्लिसरीन आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब मळून लगदा करा आणि तो टिपेटवरून ओढा. तेलकटपणा गेला की नायलॉनही पापुद्रा भेदून एखादा मिलिमीटर खाली बसतं. तरंगण्यासाठीचं जेल फक्त फ्लायला, तेही पाण्यात जाण्याआधी. जेल लावलेल्या बोटांनी टिपेट हाताळलंत तर सगळी मेहनत वाया. बदकाच्या सीडीसी पिसाच्या फ्लायला जेल अजिबात नको, ती पिसं चिकटून बसतात. त्यांना कोरडी पावडर.

नायलॉनचे दोष लपवत नाही. ते पाणी शोषतं आणि भिजल्यावर थोडं कमकुवत होतं, उन्हाने खराब होतं, घासलं तर लवकर सोलतं. पण मऊ आहे, ताणतं, गाठ छान धरते, स्वस्त आहे. ड्राय फ्लायला हेच गुण हवेत.

लाइनकडे येतो. लाइनचं वजन पहिल्या ३० फुटांवर ठरतं. प्रमाणानुसार ५ वेट म्हणजे १४० ग्रेन, साधारण ९.१ ग्रॅम, ६ वेट म्हणजे १६० ग्रेन. आज विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ५ वेट लाइनी मुद्दाम अर्धा ते एक वेट जड बनवलेल्या असतात, कारण ताठ रॉड नवशिक्याच्या हातात पटकन वाकावा. संचातली तुमची लाइन तशी असण्याची शक्यता आहे. जड लाइन जवळच्या कास्टला मदत करते, हा तिचा गुण. पडताना ती जोरात पडते, हा दोष. यापेक्षा महत्त्वाचा असतो पुढचा उतार. टोकाकडे लाइन हळूहळू, लांब पल्ल्यात निमुळती होत असेल तर जोर वाटेत विरतो आणि टोक अलगद उतरतं. उतार आखूड असेल तर मोठी फ्लाय वाऱ्यात छान जाते, पण संथ पाण्यावर थप्पड बसते. पुढे कधी लाइन घ्याल तेव्हा खोक्यावर दोन गोष्टी शोधा: वजन प्रमाणाला धरून आहे का, आणि पुढचा उतार लांब आहे का. वेट फॉरवर्ड की डबल टेपर (दोन्ही टोकांना सारखी निमुळती) हा प्रश्न त्यानंतर. आठ-नऊ मीटरच्या आत दोन्ही जवळपास सारख्याच वागतात. लांबच्या कास्टवर डबल टेपरचं जाड पोट मेंडिंगला (पाण्यावर पडलेली लाइन उचलून सरकवणं) आणि रोल कास्टला (लाइन मागे हवेत न नेता केलेली कास्ट) साथ देतं. वेट फॉरवर्डची मागची बारीक दोरी तिथे पुढची लाइन उचलू शकत नाही. शिवाय डबल टेपर झिजली की उलटी करून वापरता येते. लहान ओढ्यांसाठी मी तीच वापरतो.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येतो, म्हणून. मासा पृष्ठभागातून बाहेर बघतो ते एका गोल खिडकीतून, आणि तिचा व्यास त्याच्या खोलीच्या सव्वादोन पट असतो. ३० सेंटिमीटर खोल उभ्या माशाची खिडकी जेमतेम ७० सेंटिमीटर रुंद. खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो, आणि त्या आरशाला लाइन पडल्यावर पडलेले खळगे मासा लांबूनच टिपतो. म्हणजे लाइन हिरवी की नारिंगी यापेक्षा ती माशापासून किती लांब पडली आणि किती जोरात पडली हे मोठं. लांब लीडरचं दुसरं काम तेच. उगाच हवेत लाइन हलवत राहू नका, तिचे तुषार आणि सावली माशावर पडते.

लाइन न बदलताही एक गोष्ट आजच करा: धुवा. टोक बुडायला लागलं की लीडरचं बट बुडतं, मग टिपेट ओढलं जातं, आणि आपण टिपेटला शिव्या देतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, मग नुसत्या पाण्याने पूर्ण धुणं, कारण साबणाचा अंश राहिला तर टोक आणखी बुडेल. सनस्क्रीन आणि डास पळवायचं डीट लावलेल्या हाताने लाइन धरू नका, वरचं आवरण खराब होतं. धुऊनही टोक बुडत असेल आणि बारीक भेगा दिसत असतील, तर मात्र लाइन बदलण्याची वेळ आली.

आतापर्यंतचं क्रमाने: लाइन धुवा, ९ फुटी ४एक्स लीडर, साडेतीन फूट ५एक्स नायलॉन, बुडबुड्याशी तुलना, मग टिपेटची लांबी जुळवणं. तरीही त्याच माशाने नकार दिला तर जागा बदला. धारेच्या वरच्या बाजूला जाऊन थोडं खालच्या दिशेने कास्ट करा आणि लाइन पडण्याआधी रॉड प्रवाहाच्या वरच्या अंगाला न्या. याला रीच कास्ट म्हणतात. फ्लाय माशाकडे दोऱ्याच्या आधी पोचते. त्यानंतर फ्लाय एक नंबर लहान करा. हे सगळं करून झाल्यावर ६एक्स. मी हा क्रम सहसा मोडत नाही, अपवाद १८ आणि त्याहून लहान फ्लायचा; तिथे जाड टिपेट गळाच्या डोळ्यात ओवतानाच अडतं आणि हलकी फ्लाय त्याच्या तालावर नाचते, त्यामुळे ६एक्सनेच सुरुवात.

जाडी टिकवण्यामागे माशाचाही विचार आहे. मासा सोडून द्यायचा असेल तर तो लवकर हाताशी आला पाहिजे. ७एक्सवर मोठा ट्राउट धरला की आपण घाबरत घाबरत खेळवतो, आणि तो थकून अर्धमेला होतो. पाण्याचं तापमान २० अंश सेल्सियसच्या वर गेलं असेल तर ट्राउटसाठी गळ टाकूच नये, टिपेट कितीही असो. आणि मासा लागताना हात झटकू नका. रॉडचं टोक शांतपणे वर उचललंत तरी गळ बसतो. बारीक टिपेट सर्वात जास्त तुटतं ते याच क्षणी, माशाच्या पहिल्या धावेपेक्षाही.

तुमच्याकडचं ७एक्सचं स्पूल फेकू नका. संध्याकाळी २२ नंबरच्या मिजवर मासे उठतात तेव्हा ते लागेल. स्पूल उन्हात, गाडीच्या काचेमागे ठेवू नका. त्यावर खरेदीचा महिना लिहून ठेवा आणि नवीन हंगामात पहिल्यांदा वापरताना दोन हातांत धरून ताणून बघा. सहज तुटलं तर ते गेलं. ५एक्सचंही तेच.